रानाचा श्वास

आमच्या शाळेच्या मागे आंबोलीचा घाट उभा आहे. पावसाळा सरून आश्विन लागला आणि चार दिवस कडक ऊन पडले, की त्या रानातून एक वास खाली उतरतो. ओल्या पाल्याचा, चिकाचा, कुजत्या पानांचा आणि कुठल्यातरी न दिसणाऱ्या फुलाचा. दिवाळी जवळ आल्याची वर्दी आम्हांला दिनदर्शिकेच्या आधी हा वास देतो.

मी शाळेत मराठी शिकवतो. शास्त्राशी माझी ओळख मॅट्रिकपर्यंतची, तीही नमस्कारापुरती. पण लहान शाळेत एक मास्तर रजेवर गेला, की दुसऱ्याला त्याच्या वर्गावर उभे राहावेच लागते. दोन वर्षांपूर्वी असाच शास्त्राचा तास माझ्या गळ्यात पडला. पुस्तकातले वाक्य मी वाचून दाखवले : झाडे दिवसा कार्बन डायऑक्साइड घेतात व प्राणवायू सोडतात. आणि वर पुस्ती जोडली, की प्राणवायूला रंग नसतो, वास नसतो. मागच्या बाकावरून एक हात वर आला.

"गुरुजी, झाडां प्राणवायू सोडतत आणि प्राणवायूक वास नाय, तर मगे रानात वास कसलो येता?"

मी "उद्या सांगतो" म्हणालो. मास्तरकीच्या धंद्यात या वाक्याइतके सोयीचे दुसरे वाक्य नाही. बहुधा तो उद्या कधी उजाडत नाही. या वेळी मात्र प्रश्न माझ्या मागे लागला. मी मिळेल ते वाचत गेलो, ओळखीच्या प्राध्यापकांना पत्रे लिहिली, आणि कादंबरीकाराच्या जातीचा असल्यामुळे उत्तरापेक्षा ते शोधणाऱ्या माणसांच्या गोष्टीतच अधिक रमलो. तीच गोष्ट आज वाचकांपुढे ठेवतो आहे.

ती सुरू होते आपल्या मुलांच्या कंपासपेटीतल्या रबरापासून. रबर कशाचे बनते, याचा हिशेब मायकेल फॅरडे या थोर शास्त्रज्ञाने १८२६ साली मांडला होता. कर्बाचे पाच अणू, तर हायड्रोजनचे आठ. पुढे १८६० मध्ये ग्रेव्हिल विल्यम्स या इंग्रज रसायनज्ञाने रबर तापवून त्याची वाफ थंड केली, तेव्हा त्याला एक पातळ, चटकन उडून जाणारा द्रव मिळाला. त्याचे नाव त्याने आयसोप्रीन असे ठेवले. घराच्या भिंतीतून एक वीट काढून हातात घ्यावी, तसा हा प्रकार. आयसोप्रीनच्या हजारो विटा एकापुढे एक जोडल्या म्हणजे रबर होते.

त्या काळी हे रबर जगाला मिळे ते ॲमेझॉनच्या रानातून. तिथल्या झाडांना चरे पाडून चीक गोळा करायचा आणि धुरावर धरून त्याचे गोळे करायचे. या चिकावर मानाउस नावाचे शहर भर अरण्यात गब्बर झाले. १८९६ च्या अखेरीस तिथे इटालियन संगमरवर लावलेले भव्य नाट्यगृह उघडले. त्या वैभवामागे रानातल्या आदिवासींच्या पाठीवरचे वळ होते. पेरूकडच्या पुतुमायो भागातल्या अत्याचारांचा रॉजर केसमेंटने लिहिलेला अहवाल १९१२ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा युरोप हादरून गेला. पण तोवर मानाउसचे दिवस भरतच आले होते. १८७६ मध्ये हेन्री विकहॅम या इंग्रजाने तिकडून रबराच्या सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू बागेत आणल्या. त्यांतून उगवलेली रोपे सिंहलद्वीप आणि मलायात गेली, तिकडे मळे फुलले आणि ॲमेझॉनचा बाजार बसला. आमच्या शेजारच्या दोडामार्ग तालुक्यात केरळी बागाईतदारांनी लावलेली रबराची झाडे याच वंशावळीतली.

सांगायचे ते असे, की या विटेपायी माणसे श्रीमंत झाली, माणसे मेली, बियांची ने-आण झाली. पण हीच वीट सुटी, मोकळी, रानावरच्या हवेत दिवसभर तरंगत असते हे कोणाच्या स्वप्नातही आले नाही. तिला वर मान करून पाहायला आणखी एक शतक लागले.

पाहणाऱ्यांतला पहिला मोठा माणूस फ्रिट्स वेंट हा डच वनस्पतिशास्त्रज्ञ. झाडाला वाढायला लावणाऱ्या संप्रेरकावरच्या त्याच्या कामाने तो ऐन पंचविशीत प्रसिद्ध झाला होता. पुढे काही वर्षे त्याने जावा बेटावर, बॉयटेनझोर्गच्या सुप्रसिद्ध उद्यानात काढली आणि मग तो अमेरिकेत कॅलिफोर्नियाला गेला. त्याच संस्थेत त्याचा एक देशबंधू होता, आरी हागेन-स्मिट. हा गृहस्थ अननसाला वास कशाने येतो ते शोधत होता. त्या सुमारास लॉस अँजेलिस शहरावर डोळे चुरचुरवणारे धुरके बसू लागले होते, आणि ते कशाचे हे शोधण्याचे काम या अननसवाल्याकडे आले. त्याने दाखवून दिले, की मोटारींतून निसटलेली पेट्रोलची वाफ आणि धुरातली नत्राची संयुगे यांच्यावर ऊन पडले म्हणजे ओझोन आणि धुरके तयार होते.

वेंट हे सारे जवळून पाहत होता. त्याच्या मनात एक सरळ विचार आला. पेट्रोलच्या वाफेचे ऊन जर धुरके करते, तर झाडांच्या वासाचे काय करील? मैलोन्‌मैल रान असलेल्या डोंगरांवर, जिथे मोटारीचे नाव नाही तिथेही, उन्हाळ्यात निळसर पडदा दिसतो. अमेरिकेतल्या डोंगरांना 'ब्लू रिज' आणि 'स्मोकी' ही नावे कारखान्यांच्या आधीपासूनची आहेत. १९६० साली 'नेचर' या साप्ताहिकात वेंटने या निळ्या धुक्यावर लेख लिहिला. झाडांतून उडणाऱ्या सुगंधी द्रव्यांचे उन्हात अतिसूक्ष्म कण होतात, आणि ते कण निळा प्रकाश अधिक विखुरतात म्हणून डोंगर निळे दिसतात, असे त्याचे म्हणणे. सगळ्या पृथ्वीवरची झाडे मिळून वर्षाला किती द्रव्य हवेत सोडतात याचाही त्याने अंदाज केला : सुमारे साडेसतरा कोटी टन. हा आकडा वाचून पुष्कळांना तो थट्टा करतो आहे असे वाटले असावे. प्रत्यक्षात तो फारच हात राखून बोलला होता.

मौज अशी, की वेंटच्या तीन वर्षे आधीच एका माणसाने या गोष्टीचे शेपूट पकडले होते. सोव्हिएत संघातल्या जॉर्जियात, त्बिलिसी येथे, जिवी सनाद्झे हा शास्त्रज्ञ पानांतून कोणते वायू निघतात ते तपासत होता. १९५७ मध्ये त्याने लिहिले, की पाने आयसोप्रीन सोडतात. कापलेले पान नव्हे, चुरगळलेले नव्हे. जिवंत, धडधाकट पान, उन्हात बसून. पण लेख छापला तो तिकडच्या एका नियतकालिकात, जगाच्या दृष्टीने आडभाषेत. बरीच वर्षे त्याकडे बाहेर कोणी फिरकलेच नाही. आडभाषेत लिहिणाऱ्या मला या सनाद्झेविषयी जरा अधिक आपुलकी वाटते, हे कबूल करतो.

वेंटचा शिष्य राइनहोल्ड रासमुसेन याने अमेरिकेत तेच काम नव्या यंत्राने केले. १९५२ साली जेम्स आणि मार्टिन या दोघांनी एक युक्ती काढली होती. वायूंचे मिश्रण एका लांब नळीतून सोडायचे. प्रत्येक वायू आपापल्या चालीने चालतो आणि वेगवेगळ्या वेळी दुसऱ्या टोकाला पोहोचतो. शाळा सुटल्यावर पोरे एकाच दारातून निघतात, पण घरी आपापल्या वेळी पोहोचतात, तसे. या नळीमुळे हवेतला अब्जावधीतला एखादा रेणूसुद्धा ओळखता येऊ लागला. १९६५ मध्ये गुरुशिष्यांनी मिळून नवा अंदाज केला, तो ४० कोटी टनांच्या वर गेला. आणि १९७० साली रासमुसेनने ठामपणे मांडले, की आयसोप्रीन हा रानाचाच उच्छ्वास आहे.

एवढे कळले, पण अर्धेच कळले. आणि अर्धे ज्ञान राजकारणी माणसाच्या हाती लागले म्हणजे काय होते याचा नमुना लवकरच पाहायला मिळाला. १९८० च्या अध्यक्षीय निवडणुकीत रोनाल्ड रेगन सांगू लागले, की हवेच्या प्रदूषणाला बव्हंशी झाडेच जबाबदार आहेत. देशभर हशा पिकला. एका महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी झाडावर पाटी टांगली : मी आणखी कोणाचा जीव घेण्याआधी मला तोडा! हसणाऱ्यांचे आणि रेगनसाहेबांचे, दोघांचेही थोडे थोडे चुकले होते. झाडे ही द्रव्ये प्रचंड प्रमाणात सोडतात, हे खरेच आहे. पण दूध कितीही असले तरी विरजणावाचून दही लागत नाही. इथले विरजण म्हणजे नत्राची संयुगे, आणि ती मुख्यत्वे येतात मोटारींच्या व कारखान्यांच्या धुरातून. १९८८ मध्ये विल्यम कॅमाइडिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी झाडांनी भरलेल्या अटलांटा शहराचा हिशेब करून दाखवला, की तिथे दूध आटवून उपयोग नाही, विरजणच तोडले पाहिजे.

आता मुख्य रानाकडे वळू. हे सारे मोजमाप चालले होते थंड देशांत, ओक आणि पाइनच्या जंगलात. खरे भांडार विषुववृत्ताजवळ असणार हे सर्वांना कळत होते. तिथे बारमाही पालवी, बारमाही ऊन आणि उष्मा; आणि आयसोप्रीन तर ऊन आणि उष्णता या दोन्हींबरोबर वाढत जाते. पण मोजायचे कसे? एका फांदीला पारदर्शक पिशवी बांधायची, आतली हवा नळीने काढून यंत्रात सोडायची, ही मूळ रीत. सोपी वाटते, पण पिशवीत पान तापते. बांधताना धसमुसळेपणा झाला, पान जरा दुखावले, की ते भलतेच काहीतरी सोडू लागते. शिवाय एक झाड आयसोप्रीन सोडते, शेजारचे सोडत नाही; एकाच कुळातल्या दोन भावंडांतही असा भेद. ॲमेझॉनच्या एका हेक्टरात झाडांच्या शेकडो जाती, आणि त्यांची पाने तीस-चाळीस मीटर उंचावर. किती पिशव्या बांधणार?

म्हणून माणसे रानाच्या डोक्यावर चढली. १९८५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये अमेरिकन आणि ब्राझिलियन शास्त्रज्ञांची मोठी मोहीम ॲमेझॉनमध्ये आली. पॅट्रिक झिमरमन आणि त्याच्या सोबत्यांनी रानातून दोरीला बांधलेला फुगा वर सोडला आणि निरनिराळ्या उंचीवरची हवा भरून घेतली. उंचीगणिक आयसोप्रीन कसे विरळ होत जाते, त्यावरून खालचे रान ते किती ओतते आहे, हे मांडता येते. ही जागा होती मानाउसजवळचे डुके अभयारण्य. ज्या गावाने चिकातल्या या विटेवर संगमरवरी नाट्यगृह बांधले, त्याच गावाच्या वेशीवर, तीच वीट हवेत मोजण्यासाठी, शंभर वर्षांनी माणसे फुगा धरून उभी होती. कादंबरीत मी हे लिहिले असते, तर संपादकांनी योगायोग फार झाला म्हणून परत पाठवले असते.

आणखी एक गंमत जाता जाता सांगतो. रबराच्या झाडाच्या अंगात आयसोप्रीनच्या विटांचे रबर भरलेले. पण त्याची पाने हवेत सोडतात ती मुख्यतः टर्पीन वर्गातली, दोन-दोन विटा जोडून झालेली वासाची द्रव्ये. सुट्या विटा तो हवेवर फारशा उधळीत नाही.

पुढे बोटभर पिशवी आणि फुगा यांच्या पलीकडची यंत्रे आली. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकमध्ये १९९० नंतर असे यंत्र सिद्ध झाले, की ते क्षणाक्षणाला हवेतली द्रव्ये ओळखते. १९९८ मध्ये पॉल क्रुट्झेन या नोबेल विजेत्याच्या मंडळींनी ते विमानात घालून सुरिनामच्या रानावरून फिरवले. अ‍ॅलेक्स गुंथर या शास्त्रज्ञाने जगभरची मोजमापे गोळा करून मोठे खतावणीचे काम केले. त्याच्या २०१२ च्या हिशेबाप्रमाणे सगळ्या वनस्पती मिळून वर्षाला सुमारे १०० कोटी टन अशी द्रव्ये सोडतात, आणि त्यांतले निम्म्याहून थोडे अधिक एकटे आयसोप्रीन असते. जमिनीच्या अठरा टक्क्यांएवढ्या भागावर असलेली उष्ण प्रदेशातली झाडे टर्पीन वर्गातल्या द्रव्यांपैकी, ज्यांत आयसोप्रीनही आले, सुमारे ऐंशी टक्के सोडतात. वेंटचे साडेसतरा कोटी कुठल्या कुठे राहिले.

झाड हे का करते? उन्हातून कमावलेल्या कर्बाच्या शंभर रुपयांतले दोन-एक रुपये असे वाऱ्यावर उधळायचे, तर त्यात काही स्वार्थ असणारच. अमेरिकेतल्या टॉम शार्कीने १९९५ मध्ये दाखवले, की आयसोप्रीन पानाला अचानकच्या तापापासून सावरून धरते. ढग सरकला, ऊन एकदम पानावर आले, की पान क्षणात तापते. तेवढ्यापुरती ही फुंकर. आता याखेरीज आणखीही उपयोग असल्याचे सांगतात.

आता खरा घोळ ऐका. हवेत हायड्रॉक्सिल नावाचा एक अल्पायुषी रेणू असतो. त्याला हवेतला झाडूवाला म्हणतात. मिथेन, कार्बन मोनॉक्साइड, सारी घाण तो झाडून काढतो. आयसोप्रीनलाही तोच तासा-दोन तासांत संपवतो. तेव्हा गणित सांगत होते, की रानावर एवढे आयसोप्रीन, तर झाडूवाले तिथे थकून संपलेलेच असणार. २००५ च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीच्या माइन्झ येथील मंडळी विमान घेऊन सुरिनामवर गेली आणि त्यांनी मोजून पाहिले. झाडूवाले जागेवर होते, गणिताच्या कितीतरी पट जास्त! जोस लेलिवेल्ड आणि सहकाऱ्यांनी २००८ साली हे प्रसिद्ध केले, की रान आपली हवा स्वतःच स्वच्छ ठेवते. आयसोप्रीन झिजताना हायड्रॉक्सिलची परतफेडही करते. पुढे त्या फुगलेल्या आकड्यात काही वाटा यंत्राच्या भ्रमाचाही होता असे निघाले. पण परतफेड होते ही गोष्ट टिकली. याच मोहिमेच्या वेळी सुरिनामच्या रानात हायड्रॉक्सिलला खाणाऱ्या सर्व द्रव्यांची एकूण भूक मोजण्याची एक नवी रीत वापरली गेली. ती बसवणाऱ्यांत अग्रभागी होते विनायक सिन्हा. पुढे मोहालीच्या विज्ञान संस्थेत येऊन त्यांनी आपल्या देशाची हवा मोजण्याचे काम हाती घेतले.

आज मानाउसच्या ईशान्येला सुमारे दीडशे किलोमीटरवर, रानाच्या मधोमध ३२५ मीटर उंचीचा लोखंडी मनोरा उभा आहे. कुतुबमिनार एकावर एक चार ठेवले तरी त्याच्या टोकाला पोहोचणार नाहीत. ब्राझील आणि जर्मनी यांनी मिळून तो २०१५ साली उभारला. त्याच्या अंगावर टप्प्याटप्प्याने नळ्या लावल्या आहेत आणि रान दिवसरात्र काय उच्छ्वास टाकते ते टिपले जाते. दुपारी आयसोप्रीन चढते, रात्री पाने ते सोडायची थांबतात. मग रात्री उरलेल्याचे काय होते?

त्याचे उत्तर २०२४ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाले, आणि मला या साऱ्या गोष्टीतले तेच सर्वांत सुंदर वाटते. रात्रीच्या वादळी ढगांतून हे उरलेले आयसोप्रीन आठ ते पंधरा किलोमीटर उंच ओढले जाते. तिथे विजेच्या लखलखाटाने तयार झालेली नत्राची संयुगे असतात. विरजण इथे आभाळच लावते! पहाटे सूर्य उगवला, की त्या गारठ्यात त्यांचे असंख्य सूक्ष्म कण बनतात. ते वाऱ्याबरोबर दूर दूर जातात, खाली उतरतात, वाढतात, आणि त्यांच्याभोवती ढगांचे थेंब धरतात. रानाने दुपारी टाकलेला उच्छ्वास कुठल्यातरी परमुलुखी समुद्रावरच्या ढगाचे बीज होतो.

हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही, ती आनंदाने. पण दुसऱ्या कारणानेही. कारण मधल्या काळात मी बोर्निओची हकीकत वाचली होती. २००८ साली इंग्रज शास्त्रज्ञांनी मलेशियाच्या साबा प्रांतात शेजारी शेजारी दोन ठिकाणी माप घेतले. एक दानुम खोऱ्यातले मूळ रान, दुसरा तेलताडाचा मळा. दोन्ही हिरवेगार. आकाशातून पाहणाऱ्याला सारखेच. पण मळा रानाच्या कित्येक पट आयसोप्रीन सोडत होता. वर खताचा नत्र, मालमोटारींचा धूर, तेलगिरण्यांचा धूर. दूधही वाढले आणि विरजणही आले. अजून तिथे ओझोनची पातळी बेताची होती. पण शहरात असते तेवढे नत्र त्या हवेत आले, तर शहरासारखीच ती बाधू लागेल, असे त्यांनी बजावले.

आमच्या डोंगराच्या उतारांवरही रान तोडून एकजातीची लागवड होताना मी पाहतो. रबर आहे, अननस आहे, काजू आहे. कोणाच्या पोटावर पाय आणण्याचा मला अधिकार नाही. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांची फी त्या काजूतून येते. पण "हिरवे ते हिरवे, काय फरक पडतो?" असे ग्रामसभेत कोणी म्हणाले, तेव्हा मी आयुष्यात प्रथमच उभा राहून बोललो, आणि कर्बाचे पाच अणू व हायड्रोजनचे आठ यांची गोष्ट सांगितली. किती जणांना कळली देव जाणे. एका म्हाताऱ्याने एवढेच विचारले, "गुरुजी, ह्या कोणी मापलां?" आमच्या रानाचे माप मात्र माझ्याजवळ नव्हते.

प्रश्न विचारणारा मुलगा आता आठवीत आहे. गेल्या महिन्यात मी त्याला उत्तर दिले : जो वास येतो तो टर्पिनांचा आणि त्यांच्या भाऊबंदांचा, मातीचाही, आणि रान सर्वांत जास्त जे सोडते त्याला रानातल्या हवेत आपल्या नाकाला कळेल असा वासच नाही. त्याचा विश्वास बसला नाही. तेव्हा मधल्या सुटीत आम्ही शाळेमागच्या बांबूच्या बेटाच्या एका फांदीला स्वच्छ पारदर्शक पिशवी बांधली. दोन तासांनी आतून पाण्याचे थेंब जमले होते. त्याने गाठ सोडली आणि आत नाक खुपसले. बाकीची पोरे भोवती उभी.

"कसलो येता रे?"

"कसलोच नाय," तो म्हणाला, आणि पिशवी पुन्हा तशीच बांधू लागला.